कोंबडीचा फ्लू, डुकराचा फ्लू आणि आपल्या अंगातली ताकद: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हिवाळा लागला आणि कुठं कावळे किंवा कोंबड्या मेल्याची बातमी आली, की माझा फोन सुरू होतो. तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो, घरचं खुराडंही आहे, त्यामुळे माणसांचे आणि कोंबड्यांचे असे दोन्हीकडचे प्रश्न माझ्याच पदरात पडतात. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथं एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा जमेल तितकी तशीच ठेवली आहे. एका उत्तराचा धागा दुसरीकडे जात असेल तिथं त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. बर्ड फ्लू, स्वाइन फ्लू आन् आपला नेहमीचा फ्लू, हे एकच हाय का अलग अलग?

एकाच घराण्यातले भाऊबंद. घराण्याचं नाव इन्फ्लुएंझा ए. याचं मूळ घर म्हणजे रानटी पाणपक्षी. हिवाळ्यात नवेगावबांधला किंवा भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांवर जी बदकं उतरतात, तशा पक्ष्यांच्या आतड्यात हे विषाणू फारसा त्रास न देता राहतात. तिथून ते कोंबड्यांत, डुकरांत आणि कधीमधी माणसांत येतात.

एच आणि एन ही त्यांच्या अंगावरच्या दोन प्रथिनांची नावं आहेत. एच म्हणजे अडकवायचा आकडा (हूक) समजा, त्यानं विषाणू आपल्या पेशीला अडकतो. एन म्हणजे विळा, नव्यानं तयार झालेले विषाणू त्यानं कापून मोकळे होतात. पक्ष्यांमध्ये एचचे १६ आणि एनचे ९ प्रकार फार पूर्वीपासून माहीत आहेत, वटवाघळांत आणखी दोन-दोन सापडले. माणसांत सध्या दरवर्षी फिरणारे इन्फ्लुएंझा ए दोनच: एच१एन१ आणि एच३एन२. पुढची सगळी चर्चा या एका गोष्टीवर उभी आहे. आपल्या शरीराची ओळख या दोघांशी आहे, एच५, एच७, एच९ यांच्याशी नाही.

२. आमच्या आज्यापासून घरी कोंबड्या हायेत. कोणालेच काही झालं नाही. मंग आमच्या अंगात याची ताकद आली नसंल का?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि विचारणारा बहुतेक वेळा उत्तर ठरवूनच विचारतो. तरी सांगतो.

शरीर ज्या जंतूला भेटलं, त्याचीच ओळख ते ठेवतं. तुमच्या आज्याच्या कोंबड्यांना आजचा बर्ड फ्लू, म्हणजे एच५एन१, होणं शक्यच नव्हतं. आज ज्याची भीती आहे तो एच५एन१ १९९६ मध्ये चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात एका हंसात सापडला. १९९७ मध्ये हाँगकाँगला १८ माणसांना लागला, त्यातली ६ दगावली. भारतात कोंबड्यांमध्ये तो पहिल्यांदा आढळला फेब्रुवारी २००६ मध्ये, आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. तेव्हा पन्नास वर्षं कोंबड्यांत घालवलेला माणूस पन्नास वर्षं मानमोडीच्या, देवीच्या, हगवणीच्या जंतूंसोबत राहिलेला असतो. बर्ड फ्लूची सवय त्यातून लागत नाही.

रक्त तपासूनही हेच दिसलं आहे. पोल्ट्रीत काम करणाऱ्यांच्या रक्तात एच५एन१ विरुद्धच्या अँटीबॉडी जगभर फार थोड्यांत सापडतात. एच९एन२ हा त्यामानानं सौम्य प्रकार. २०१० मध्ये पुण्यातल्या पोल्ट्री कामगारांची रक्तं तपासली तेव्हा त्याच्या अँटीबॉडी काही जणांत आढळल्या, पण बहुतेकांचं रक्त कोरंच होतं.

मग कोणालाच काही का झालं नाही? एक तर विषाणू तुमच्या खुराड्यापर्यंत आलाच नसेल. आणि आला असता तरी माणसात शिरणं त्याला सोपं नाही, ते प्रश्न ३ मध्ये आहे. नशीब आणि ताकद यांत फरक करायला हवा. माझे काका उघड्या हातानं मेलेली कोंबडी उचलून उकिरड्यावर टाकायचे आणि हेच म्हणायचे, म्हणून जरा जास्त लिहिलं.

३. मंग कोंबडीचा फ्लू माणसाले पटकन काऊन लागत नाही?

कारण मध्ये बरीच कुंपणं आहेत, आणि ती जन्मतःच असतात. लस किंवा आजार यांच्याशी त्यांचा संबंध नाही.

पहिलं कुंपण आकड्याचं. पेशींवर सियालिक आम्ल नावाची साखर असते, एच तिला अडकतो. पक्ष्यांच्या फ्लूला ती एका धाटणीची लागते, माणसाच्या फ्लूला दुसऱ्या. आपल्या नाका-घशात बहुतेक माणसाच्या धाटणीची असते. पक्ष्यांच्या धाटणीची आपल्याकडे फुप्फुसात खोल आणि डोळ्यांच्या आवरणावर असते. म्हणून लिटर (खुराड्यातला भुसा-विष्ठेचा थर) उपसताना धुळीचा मोठा लोट छातीत गेला, किंवा घाणीच्या हातानं डोळा चोळला, तर धोका वाढतो. आणि याच कारणानं एका माणसाकडून दुसऱ्याकडे तो सहसा जात नाही. खोल फुप्फुसातला विषाणू शिंकेतून बाहेर पडणं अवघड.

दुसरं तापमानाचं. कोंबडीचं अंग ४१ अंशांच्या आसपास गरम. आपलं नाक श्वासाच्या हवेनं थंड राहतं, साधारण ३३ अंश. गरम अंगात वाढायची सवय असलेल्या विषाणूची यंत्रणा तिथं मंदावते. ती सुधारायला त्याला पीबी२ नावाच्या प्रथिनात बदल करावा लागतो.

तिसरं पेशीच्या आतलं. एमएक्सए नावाचं प्रथिन पक्ष्यांच्या फ्लूला चांगलंच अडवतं. २०२३ मध्ये ग्लासगोच्या संशोधकांनी बीटीएन३ए३ या आणखी एका जनुकाचं काम दाखवलं: ते पक्ष्यांचा फ्लू रोखतं, माणसाळलेल्या फ्लूला मात्र फसतं.

ही कुंपणं शाबूत असली तरी विषाणूचा डोस फार मोठा असेल तर तो पलीकडे येतो. २००३ पासून जगभरात एच५एन१ची प्रयोगशाळेत सिद्ध झालेली ९५० हून जास्त माणसं नोंदली गेली आणि त्यातली जवळपास निम्मी दगावली. सौम्य आजारी माणसं तपासायला येत नाहीत, म्हणून खरा मृत्युदर याहून कमी असणार. तरीही खेळ करावा असा आजार नाही.

४. माझा जन्म १९६३ चा, पोराचा १९९५ चा. पोल्ट्री दोघंबी पाहतो. धोका कोणाले जास्त?

फार चांगला प्रश्न. याचं उत्तर तुमच्या लहानपणी कोणता फ्लू फिरत होता त्यावर आहे.

आयुष्यातला पहिला फ्लू शरीरावर शिक्का मारून जातो. नंतर कितीही फ्लू येवोत, शरीर त्या पहिल्याच्या नजरेनं त्यांच्याकडे पाहतं. ही गोष्ट थॉमस फ्रान्सिस या अमेरिकन डॉक्टरनं १९६० मध्ये मांडली आणि तिला ‘मूळ पाप’ असं गमतीदार नाव दिलं. पाप म्हणायचं कारण असं की नवीन विषाणू आला तरी शरीर जुन्याच्याच अँटीबॉडी बनवत बसतं. पण कधी कधी हेच पाप पुण्याच्या खात्यात जमा होतं.

एचच्या प्रकारांचे दोन गट आहेत. एच१, एच२, एच५, एच९ एका गटात. एच३, एच७, एच१० दुसऱ्यात. आकड्याचं टोक प्रत्येकाचं वेगळं, पण दांडा गटातल्या सगळ्यांचा बराच सारखा. १९१८ ते १९५७ माणसांत एच१एन१ फिरत होता, १९५७ ते १९६८ एच२एन२, १९६८ पासून एच३एन२, आणि १९७७ मध्ये एच१एन१ परत आला. म्हणजे १९६८ च्या आधी जन्मलेल्यांवर पहिल्या गटाचा शिक्का. एच५ पहिल्या गटातला, त्यामुळे त्याच्या दांड्याची त्यांच्या शरीराला अंधुक ओळख. १९६८ नंतरच्या पुष्कळांवर दुसऱ्या गटाचा शिक्का, त्यांना एच७च्या दांड्याची ओळख.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी एच५एन१ आणि चीनमधल्या एच७एन९च्या रुग्णांची जन्मवर्षं पाहिली आणि चित्र अगदी तसंच निघालं. एच५एन१नं तरुण आणि मुलं जास्त गाठली, एच७एन९नं म्हातारी. जुळणारा शिक्का असेल तर गंभीर आजार सुमारे ७५ टक्के आणि मृत्यू सुमारे ८० टक्के कमी, असा त्यांचा हिशोब आहे.

म्हणजे एच५एन१च्या बाबतीत तुमचं पारडं थोडं जड, पोराचं हलकं. पण हे गंभीर होण्याबद्दल आहे, लागण न होण्याबद्दल नाही. शिवाय साठीनंतर शुगर, बीपी, दम्याचा हिशोब वेगळा होतो. अमेरिकेतला एच५एन१चा पहिला मृत्यू, जानेवारी २०२५ मधला, पासष्टीच्या पुढच्या आणि आधीच दुसरे आजार असलेल्या माणसाचा होता. तेव्हा खुराडं झाडायचं काम पोराकडून काढून स्वतःकडे घ्या असं मी म्हणणार नाही. मास्क दोघांनीही लावा.

५. मले २००९-१० मध्ये स्वाइन फ्लू झाला होता, आयसीयूत होतो. त्याचा बर्ड फ्लूले काही उपयोग?

थोडा आहे. २००९ च्या विषाणूचा एन हा एन१ आहे आणि एच५एन१चाही एन१. दोन्ही विळे पूर्ण सारखे नाहीत, पण ओळखीचे आहेत. २००९ चा एच१एन१ होऊन गेलेल्यांच्या अँटीबॉडी एच५एन१च्या एनला काही प्रमाणात चिकटतात. माणसासारखाच फ्लू होणाऱ्या फेरेट नावाच्या प्राण्यावर प्रयोग केले, तेव्हा आधी हा फ्लू होऊन गेलेले फेरेट एच५एन१मध्ये कमी आजारी पडले.

दुसरी मदत टी पेशींची, म्हणजे रक्तातल्या एका प्रकारच्या लढाऊ पांढऱ्या पेशींची. अँटीबॉडी विषाणूचं कातडं ओळखतात, टी पेशी त्याची हाडं ओळखतात. विषाणूच्या आतली प्रथिनं माणसाच्या आणि पक्ष्यांच्या फ्लूत खूप सारखी असतात. टी पेशी लागण थांबवत नाहीत, पण लागलेल्या पेशी मारून आजार लवकर आटोक्यात आणतात. तुम्ही आयसीयूतून परत आलात, म्हणजे ही फौज तुमच्याकडे आहे. किती टिकली, ते मात्र कोणी तपासून सांगू शकत नाही (प्रश्न १४).

६. दरवर्षीची फ्लूची लस घेतली तर बर्ड फ्लूपासून वाचतो का?

बर्ड फ्लूसाठी ती लस नाही. तिच्यात एच१एन१, एच३एन२ आणि इन्फ्लुएंझा बीचा व्हिक्टोरिया प्रकार असतो. एच५ त्यात नसतोच.

तरी पोल्ट्रीवाल्यांनी ती घ्यावी असं मी सांगतो, कारण वेगळं आहे. एकाच माणसाच्या अंगात माणसाचा आणि कोंबडीचा फ्लू एकाच वेळी शिरले, तर दोघांचे जनुक मिसळून तिसराच विषाणू तयार होऊ शकतो. १९५७ आणि १९६८ च्या साथी अशाच मिसळणीतून आल्या. लस ही शक्यता कमी करते. शिवाय नेहमीच्या फ्लूपासून संरक्षण मिळतंच, आणि आपल्याकडे माणसं त्यानंच जास्त मरतात. लस लागू व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, तेव्हा बाजूच्या गावात कोंबड्या मरायला लागल्यावर धावत येऊन उपयोग नाही.

७. मंग बर्ड फ्लूची माणसाची लस हाये का नाही?

जगात आहे, बाजारात नाही. काही देशांनी एच५ची लस साठवून ठेवली आहे. फिनलंडनं २०२४ मध्ये पोल्ट्री आणि फर फार्मवरच्या कामगारांना ती द्यायला सुरुवात केली. आपल्याकडे मेडिकलवर ती मिळत नाही. ‘बर्ड फ्लूचं इंजेक्शन’ म्हणून कोणी काही टोचत असेल तर हात मागं घ्या.

८. कोंबड्यायले लासोटा देली हाय. आता बर्ड फ्लू येनार नाही ना?

लासोटा ही मानमोडीची, म्हणजे राणीखेतची लस. मानमोडीचा विषाणू वेगळ्या घराण्यातला आहे. ती द्यायलाच हवी, पण बर्ड फ्लूला तिचा काही उपयोग नाही.

घोळ होतो कारण दोन्हीत कोंबड्या पटापट मरतात. मान वाकडी होणं मानमोडीत जास्त दिसतं, बर्ड फ्लूत तुरा आणि गलोल निळे पडणं, डोकं सुजणं, पायांवर लाल डाग. पण नुसत्या डोळ्यांनी खात्री होत नाही, मीही करत नाही. नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत गेल्यावरच कळतं. आणि ‘लस दिली होती, म्हणजे हे दुसरंच काहीतरी असेल’ म्हणून वाट पाहण्यात दोन दिवस गेले, तर अख्खं गाव अडचणीत येतं.

९. मेळघाटात एका लेकराले कोंबडीचा फ्लू झाला होता म्हणतात. खरं का?

खरं आहे. फेब्रुवारी २०१९ मध्ये मेळघाटातल्या एका सतरा महिन्यांच्या कोरकू मुलाला ताप, खोकला आणि धाप लागली. लहान मुलांच्या श्वासाच्या आजारांचा एक अभ्यास तिथल्या गावांत चालू होता, म्हणून नाकातला नमुना घेतला गेला. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत तो एच९एन२ निघाला. भारतातली एच९एन२ची ही पहिली नोंद. बाळ बरं झालं.

यात दोन गोष्टी लक्षात घ्या. अभ्यास चालू नसता तर हा ‘हिवाळ्यातला खोकला’ म्हणून विसरला गेला असता. दुसरी, लहान लेकराकडे कुठलाच शिक्का नसतो. प्रश्न ४ मधला जुन्या ओळखीचा आधार त्याला नाही. म्हणून खुराड्याजवळ रांगणाऱ्या पोरांची काळजी मोठ्या माणसांपेक्षा जास्त घ्यायला हवी.

१०. गोरेवाड्यात वाघ मेले ते बर्ड फ्लूनंच ना? मंग आमच्या मांजरीचं काय?

हो. नागपूरच्या गोरेवाडा बचाव केंद्रात डिसेंबर २०२४ मध्ये तीन वाघ आणि एक बिबट्या मेला, आणि भोपाळच्या तपासणीत एच५एन१ निघाला. खाऊ घातलेल्या कोंबडीच्या मांसातून तो आला असावा असा संशय होता. त्याच हिवाळ्यात शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यात घरच्या मांजरींमध्येही तो सापडला.

मांजरकुळाला हा विषाणू फार जड जातो. माणसांसारखा दरवर्षी फिरणारा फ्लू त्यांच्यात नाही, त्यामुळे जुनी ओळख नाही. आणि ती कच्चं मांस खातात, म्हणजे डोस मोठा. मेलेली कोंबडी मांजरी-कुत्र्यांपुढे टाकू नका. मांजर अचानक झिंगल्यासारखी चालू लागली, धापा टाकू लागली, तर तिला मांडीवर घेऊन गोंजारत बसू नका, पशुवैद्यकीय दवाखान्यात फोन करा.

११. चिकन-अंडे खाव का नाही? दर वर्षी हा गोंधळ.

खा. ७० अंशांच्या वर शिजलं की विषाणू संपतो. आपलं सावजी रस्सं तर्री येईपर्यंत रटरटतं, त्यात काही उरत नाही. अंडं पूर्ण उकडलेलं, अर्धं कच्चं नाही.

धोका ताटात नसतो, कापताना असतो. मार्च २०२५ मध्ये आंध्र प्रदेशात एक दोन वर्षांची मुलगी एच५एन१नं गेली. घरी कोंबडी कापताना तिच्या तोंडात कच्च्या मांसाचा तुकडा दिला गेला होता, असं तपासात समोर आलं. तेव्हा कापताना पोरं लांब, पाट-विळी साबणानं धुवा, त्याच विळीवर लगेच कांदा नको. आणि आजारी दिसणारी कोंबडी ‘मरायच्या आत कापून घेऊ’ हा विचार सोडा. गावात हे किती चालतं ते मला माहीत आहे, तुम्हालाही.

१२. अमेरिकेत गायीले झाला म्हणे. आपन तं धारोष्ण दूध पितो.

मार्च २०२४ मध्ये अमेरिकेच्या दुभत्या गायींत एच५एन१ सापडला आणि नंतर अनेक राज्यांत पसरला. विषाणू दुधात प्रचंड असतो. तिथल्या गोठ्यांतली कच्चं दूध प्यायलेली मांजरं मेली. गोठ्यात काम करणाऱ्या माणसांना बहुतेक डोळे येण्यापुरताच त्रास झाला. डोळेच का, ते प्रश्न ३ मध्ये आलं. पाश्चरायझेशननं विषाणू मरतो, उकळल्यावर तर नक्कीच. आपल्याकडे दूध उकळायची रीत चांगली आहे, तीच पाळा. धारोष्ण दुधात टीबी आणि ब्रुसेलाचीही भीती असते.

१३. हळद, काढा, अश्वगंधा, लिंबू... यानं प्रतिकारशक्ती वाढून बर्ड फ्लू टळतो का?

टळत नाही. घशाला बरं वाटत असेल तर काढा घ्या. पण ‘प्रतिकारशक्ती’ ही टाकीत भरायची वस्तू नाही की वरून ओतली आणि पातळी वाढली. ती ओळख असते, एकेका विषाणूची वेगळी. मोहाच्या दारूनं जंतू मरतात हेही ऐकतो. पोटातली दारू फुप्फुसातल्या विषाणूपर्यंत पोचत नाही, यकृतापर्यंत पोचते.

१४. रक्त तपासून कळत नाही का, की आपल्यात याची ताकद हाय का नाही?

तालुक्याच्या लॅबमध्ये नाही. एच५च्या अँटीबॉडी मोजायला जिवंत किंवा खास बनवलेला विषाणू हाताळणारी मोठी प्रयोगशाळा लागते, ते संशोधनासाठी करतात. टी पेशी मोजणं त्याहून अवघड. कोणी पाचशे-हजारात ‘फ्लू इम्युनिटी टेस्ट’ विकत असेल तर पैसे कोंबड्यांच्या खाद्यावर खर्च करा.

१५. गावात डुकरं फिरतात. त्यायच्याकडून स्वाइन फ्लू येतो का?

आज दवाखान्यात ज्याला ‘स्वाइन फ्लू’ म्हणतात तो एच१एन१ आता माणसांचाच फ्लू आहे आणि माणसाकडूनच येतो. त्याचे जनुक २००९ मध्ये डुकरांतून आले, नाव तेव्हापासून चिकटलं. भारतातला पहिला मृत्यू ऑगस्ट २००९ मध्ये पुण्याला झाला.

डुकराची खरी गोष्ट दुसरी. त्याच्या श्वासनलिकेत पक्ष्याच्या आणि माणसाच्या, दोन्ही धाटणीच्या साखरा असतात. एकाच उकिरड्यावर कोंबड्या, बदकं, डुकरं आणि शिंकणारी माणसं, ही मिसळणीची जागा झाली. कोंबड्यांचं खुराडं डुकरांपासून वेगळं ठेवता आलं तर ठेवा. मध्यंतरी डुकरं मेली तो आफ्रिकन स्वाइन फीवर असेल तर तो वेगळा विषाणू, माणसाला होत नाही.

१६. कोंबड्या मरून राह्यल्या. कोणाले सांगाव? सांगितलं तं सगळ्याच मारून टाकतीन.

पशुधन विकास अधिकाऱ्यांना, त्याच दिवशी. मेलेले पक्षी नाल्यात, विहिरीजवळ किंवा रस्त्याच्या कडेला टाकू नका. उरलेले विकू नका, पाहुण्याला भेट देऊ नका.

भीती खोटी नाही. बर्ड फ्लू सिद्ध झाला तर एक किलोमीटरच्या आतल्या कोंबड्या नष्ट करतात आणि पुढे दहा किलोमीटरपर्यंत पाळत ठेवतात. पण हिशोब नीट समजून घ्या: भरपाई सरकारनं नष्ट केलेल्या पक्ष्यांची मिळते, आधीच मेलेल्यांची नाही. लपवून ठेवलेला प्रत्येक दिवस तुमच्याच खिशातून जातो. भरपाई वेळेवर येत नाही ही तक्रार मी ऐकली आहे, आणि ती करणाऱ्यांना खोटं ठरवणार नाही.

१७. मेलेल्या कोंबड्या उचलल्या, आता तिसऱ्या दिवशी ताप हाय. काय करू?

आजच प्राथमिक आरोग्य केंद्रात जा आणि आत शिरल्या शिरल्या सांगा: ‘मी मेलेल्या कोंबड्या हाताळल्या.’ हे वाक्य सगळ्यात महत्त्वाचं, कारण ते न सांगितल्यास डॉक्टर साध्या फ्लूचा किंवा डेंग्यूचा विचार करतील. तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा, घरातल्या म्हाताऱ्यांपासून आणि लेकरांपासून वेगळे राहा.

ताप, खोकला, घसा, अंगदुखी, डोळे लाल होणं ही सुरुवात. धाप लागली, ओठ निळे पडले, माणूस बरळायला लागला, तर उशीर न करता मोठ्या दवाखान्यात. औषध आहे: ओसेल्टामिवीर, दिवसातून दोनदा पाच दिवस, शक्यतो पहिल्या ४८ तासांत. उशीर झाला तरी गंभीर रुग्णाला देतात. ते डॉक्टरांच्या चिठ्ठीनंच घ्या. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, सलाइननं ताकद येत नाही, आणि मुलांना तापात ॲस्पिरिन देऊ नका.

ताप नसेल तरीही हाताळल्यापासून दहा दिवस रोज ताप मोजत राहा.

१८. घरी सिकलसेलचा पेशंट हाय. त्याले जास्त धोका का?

एसएस, म्हणजे प्रत्यक्ष सिकलसेलचा आजार असलेल्या रुग्णाला कोणत्याही फ्लूचा धोका जास्त. प्लीहा नीट काम करत नाही, फुप्फुसात रक्ताचा प्रवाह अडकून छातीत दुखू शकतं आणि धाप लागू शकते. त्यानं दरवर्षीची फ्लूची लस घ्यावी, आणि खुराडं झाडणं, कोंबडी सोलणं ही कामं त्याच्याकडे नकोत. एएस म्हणजे नुसता वाहक असेल तर असा वेगळा धोका मानत नाहीत. गरोदर बाया, शुगर-दम्याचे रुग्ण यांनाही कामांची हीच सूट द्या. आशा ताईंकडे लसीची चौकशी करा.

१९. एकदा बर्ड फ्लू होऊन बरा झाला, तं परत होनार नाही ना?

त्याच विषाणूपासून काही काळ संरक्षण राहतं. पण एच५एन१च्या अनेक शाखा झाल्या आहेत आणि एकीच्या अँटीबॉडी दुसरीला पुऱ्या पडतीलच असं नाही. सीताफळाच्या झाडाला एकदा मोहोळ लागून गेलं म्हणजे पुढच्या वर्षी लागणार नाही, असं कोणी म्हणत नाही. नव्या शाखेची मधमाशी नवीच असते.

२०. आमच्याकडे कोंबडा बाजार भरतो. झुंजीतल्या कोंबड्याचं रक्त तोंडानं चोखून काढतात. चालते का?

नाही. झुंज बेकायदा आहे ते वेगळं. काती (झुंजीसाठी पायाला बांधलेलं पातं) लागलेल्या कोंबड्याचं रक्त किंवा घशातला कफ तोंडानं ओढणं म्हणजे विषाणूचा डोस थेट आत घेणं. प्रश्न ३ मधली सगळी कुंपणं एका घोटात ओलांडली जातात. शिवाय चार तालुक्यांचे कोंबडे एका रिंगणात येऊन संध्याकाळी परत घरच्या खुराड्यात जातात.

२१. उद्या हा माणसातून माणसात पसरू लागला, तं आपली जुनी ताकद कामी येईन का?

काही प्रमाणात, आणि सगळ्यांच्या सारखी नाही.

१९१८ च्या साथीला आपल्याकडे लोक मानमोडीच म्हणत. कोंबड्यांच्या रोगाचं आणि माणसांच्या साथीचं नाव एकच, हा योगायोग मला नेहमी अस्वस्थ करतो. त्या वेळी मध्य प्रांत आणि वऱ्हाड हा देशातल्या सर्वांत जास्त मृत्युदर असलेल्या प्रांतांपैकी होता. विशी-तिशीतली धडधाकट माणसं जास्त गेली. अंगातली रग आणि त्या विषाणूची ओळख यांचा संबंध नव्हता.

१९६८ मध्ये एच नवा होता, पण एन२ जुनाच राहिला. लोकांना एन२ची ओळख होती, त्यामुळे ती साथ तुलनेनं सौम्य गेली असं मानतात. २००९ मध्ये म्हातारी माणसं वाचली: अमेरिकेत तपासलेल्या साठीवरच्या सुमारे एक तृतीयांश लोकांच्या रक्तात आधीच जुळणाऱ्या अँटीबॉडी होत्या, बालपणातल्या जुन्या एच१एन१च्या. एच५एन१ पसरलाच तर प्रश्न ४ मधले शिक्के आणि प्रश्न ५ मधला एन१ काहींचा आजार हलका करतील. लागण थांबवायला नवी लस लागेल, आणि ती बनून तालुक्यापर्यंत यायला महिने जातील.

२२. मास्क कोणता? आमच्याकडे दुपट्टाच असतो.

खुराडं झाडायला एन९५ असेल तर उत्तम, नसेल तर सर्जिकल मास्क आणि त्यावर दुपट्टा. झाडण्याआधी लिटरवर पाणी शिंपडा म्हणजे धूळ उडणार नाही. डोळ्यांना फवारणीचा चष्मा चालतो, तो घरात असतोच. खुराड्याची चप्पल खुराड्यापाशीच ठेवा. आणि दुपट्टा त्याच दिवशी धुवा, परत गळ्यात टाकून चहाच्या टपरीवर जाऊ नका.